धूर नाही तर धुराडं कशाला?

"तुमचा मेस्त्री लई उद्धट हाय, जाधव," पाटील सर दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाले. "माझ्या घरात येऊन मलाच न्हाय म्हणतो. दुसरा माणूस द्या. न्हायतर तुम्ही स्वतः या."

मी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला आणि चेहऱ्यावर खेद आणला. वीस वर्षं बेळगावात गीझर विकतोय. खेद आणायला मला वेळ लागत नाही.

पाटील सर हायस्कूलमधून रिटायर झालेले. विषय विज्ञान. पिरनवाडीत त्यांचं स्वतःचं घर, घरात ते आणि काकू. बाथरूममध्ये अगदी परवापर्यंत तांब्याचा बंब होता, खाली लाकडं सारायची, आणि धूर बाहेर जायला भिंतीत वरच्या बाजूला धुराडं. मग घराचं रिनोव्हेशन निघालं. बंब चिंचेनं घासून हॉलमध्ये ठेवला आणि त्यात मनीप्लांट लावला. बाथरूमला छतापर्यंत टाइल्स बसल्या. त्या टाइल्सखाली धुराडं गेलं. बंबाच्या जागी आता गॅस गीझर हवा होता.

माझा फिटर बसू साइट बघायला गेला. बाथरूममध्ये उभा राहिला, वर बघितलं, भिंत बघितली, म्हणाला, "भोक न्हाय. बसवत न्हाय." आणि गाडीला किक मारून निघून आला.

"पण सर, धुराडं बुजवलं कशाला?" मी विचारलं.

"अहो, धूरच न्हाय तर धुराडं कशाला?" सर वर्गातल्या आवाजात म्हणाले. मी ते वहीत उतरवून घ्यावं अशी अपेक्षा असावी. "त्यातनं गार वारं येतं, पाली येतात. आणि टाइल्सचं डिझाइन मोडतं ते वेगळंच."

युक्तिवाद बिनतोड होता. तो चुकीचा होता, एवढंच.

इथे थोडं धंद्यातलं सांगतो. गॅसची ज्योत जळायला हवा लागते. बाथरूम बंद असेल तर ती आतलीच हवा खाते. हवा कमी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, पाय लुळे पडतात, आणि माणसाला वाटतं बीपी वाढलं. लाकडाचा धूर निदान खोकायला लावून माणसाला बाहेर तरी काढायचा. हा फार सभ्य वायू आहे, कुणाला काही कळू देत नाही. म्हणून गीझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत लावायचा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यायचा. हे गुपित नाही. खोक्यातल्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका थर्माकोलबरोबर कचऱ्यात जाते.

गॅस निवडण्यात सरांची चूक नव्हती. घरातलं वायरिंग जुनं, आणि त्या भागात करंट जातो तो नेमका आंघोळीच्या वेळेला, त्यामुळे करंटचा गीझर बाद. सोलर म्हणाल तर आमच्याकडे पावसाळ्यात सूर्य दिसला तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात. गॅस बरोबर, जागा चूक. मागच्या बोळात बाहेरच्या भिंतीला गीझर सहज बसला असता. पण मग पाइप आत घ्यायला नव्या टाइल्सना भोक पडलं असतं.

आता विश्वासू माणूस निवडण्याची सरांची पद्धत. त्यांनी चक्क तक्ता केला होता. मला दाखवला. तीन माणसं येऊन गेली होती. पहिला उशिरा आला, बाद. दुसरा बोलताना सारखा मोबाइल बघत होता, बाद. तिसरा बसू. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'चप्पल घालून थेट बाथरूममध्ये. भाषा उर्मट.' चौथा मी. दुकान जुनं, शर्टाला इस्त्री, बोलणं गोड. न जाताच पास. कोण कशाला नाही म्हणाला आणि का, असा रकाना तक्त्यात नव्हता.

सर गेल्यावर बसू दुकानात आला.

"बसू, सर चिडलेत रं. नीट बोलायला काय होतं तुला?"

"नीटच बोललो की. भोक न्हाय म्हंटलं. त्यात काय वाईट बोललो?"

"खिडकी आहे ना?"

"काचा हायत. आणि सरांच्या आक्कांनी डासं येत्यात म्हणून त्यावर टेप मारलीया." मग त्यानं विचारलं, "अण्णा, तुमच्या घरात असा बसवला असता काय?"

"माझ्याकडे सोलर आहे," मी म्हणालो आणि हसलो.

तो हसला नाही. "मग ह्या कामाला मला लावू नका."

"दुसऱ्या कामालाही लावत नाही," मी म्हणालो. "गिऱ्हाइकाशी बोलायला शीक आधी."

बारा वर्षं माझ्याकडे काम केलेल्या माणसाला मी असा काढला. खरं बोलल्याबद्दल, असं मात्र मी त्या वेळी म्हणालो नाही. बिहेविअर म्हणालो.

सोमवारी मी नवीन फिटर घेऊन पिरनवाडीला गेलो. बूट बाहेर काढले. बाथरूम बघितली. सुंदर होती. खिडकीच्या काचपट्ट्यांवर पारदर्शक टेप इतकी व्यवस्थित मारली होती की मुंगीला आत यायचं तर अर्ज करावा लागला असता. मला सगळं दिसलं. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो की घाईत राहून गेलं. राहून गेलं नाही. मला दिसलं, मला माहीत होतं, आणि सरांच्या तोंडावर नाही म्हणणं मला जड गेलं. बसू नाही म्हणाल्यावर काय झालं ते मी बघितलं होतं. ते मीच केलं होतं.

"काकू, खिडकी उघडी ठेवत जा हं," मी म्हणालो.

"व्हय व्हय," काकू म्हणाल्या आणि चिवडा आणायला गेल्या.

एवढ्यावर माझं कर्तव्य संपलं. फिटर आत ठोकत होता तेव्हा मी हॉलमध्ये बंबातल्या मनीप्लांटशेजारी बसून इन्स्टॉलेशन रिपोर्ट भरला. त्यात एक ओळ असते, 'हवा खेळती आहे का?' पुढे हो आणि नाही. डाव्या हातात चिवड्याची बशी होती. उजव्या हातानं 'हो'वर खूण केली आणि सही ठोकली.

पुढच्या रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला सरांचा फोन आला.

"जाधव, गीझर एकदम फर्स्ट क्लास! नळ सोडला की कढत पाणी. फक्त एक विचारायचं होतं. पाणी जरा कमी तापवता येतं का? हिला हल्ली आंघोळीनंतर डोकं धरतं. पाय गळाल्यासारखे होतात म्हणते. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली, तरी तेच."

माझ्या हातात दुकानाच्या शटरची किल्ली होती. ती कुलपात तशीच सोडली.

"सर, काकू कुठे आहेत?"

"आंघोळीला गेलीय."

"किती वेळ झाला?"

"झाला की बराच. आज डोक्यावरनं न्हायचा दिवस हाय."

"सर, आधी सिलिंडर बंद करा. मग दार वाजवा. त्यांना बाहेर यायला सांगा."

"अहो, असं कसं? घरात पाहुणे बसलेत."

"सर, दार वाजवा!"

वीस वर्षांत गिऱ्हाइकावर मी पहिल्यांदा ओरडलो. ते गेल्याचं ऐकू आलं. मग दारावर हळू टकटक, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये अशी. "अगं ए. अगं, ऐकतेस का?" मग जोरात. मग दोन्ही हातांनी. आतून काही नाही.

"कडी आतनं हाय, जाधव," सरांचा आवाज बदलला होता. "दार हलत न्हाय. नवीन हाय ओ दार."

मी बेळगावात. पिरनवाडीला पोचायला कितीही पळवली तरी वीस मिनिटं. पिरनवाडीत माझ्या ओळखीचा एकच माणूस राहत होता, आणि त्याला मी आठवड्यापूर्वी बोलायला शीक म्हणून हाकललं होतं.

बसूनं फोन उचलला. मी एवढंच म्हणालो, "बसू, पाटील सर. काकू आत आहेत."

त्यानं काही विचारलं नाही. फोन कट झाला.

मी पोचलो तेव्हा बाथरूमचं नवीन दार बिजागरीतून निघून आडवं पडलं होतं. खिडकीच्या काचा बोळात सांडल्या होत्या. काकूंना शेजारणीनं चादरीत गुंडाळून अंगणात आणलं होतं. डोळे अर्धे उघडे, ओठ हलत होते. बसू त्यांच्या डोक्याशी बसून पाहुण्यांना शिव्या देत होता, कारण पाहुणे वारा अडवून गोल उभे होते.

हॉस्पिटलमध्ये काकूंना दोन दिवस ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर माझ्याकडे आणायचं कारण उरलं नसतं. काकू वाचल्या.

वॉर्डाबाहेर सरांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "जाधव, तुमच्यामुळं वाचली. तुम्ही फोनवर ओळखलंत. म्हणून माणूस विश्वासू बघावा लागतो. तो तुमचा मेस्त्री, त्यानं दार तरी नीट काढायचं का न्हाय? नुसत्या हातानं निघालं असतं."

मी मान हलवली. त्या दिवशी मी फक्त मान हलवली, हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या दिवशी काकू घरी आल्या. मी रिपोर्टची कॉपी घेऊन गेलो आणि सरांसमोर ठेवली. 'हो'वरच्या खुणेवर बोट ठेवलं. "सर, ही खूण मी केली. आत न बघता नव्हे. बघून केली. बसू बरोबर होता, आणि मला ते माहीत होतं."

सरांनी चष्मा लावला, कागद वाचला, पुन्हा वाचला.  मग म्हणाले, "तीस वर्षं मी मुलांना मेणबत्तीवर पेला उपडा घालून दाखवला. पेल्यात मेणबत्ती विझते म्हणून." त्यांनी कागदाची घडी केली आणि हळूच म्हणाले, "आणि हिला पेल्यात ठेवली."

आतून काकूंचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "मला म्हायत होतं ओ जाधव. खूण करताना तुमचं कागदाकडं लक्षच नव्हतं. चिवड्याकडं होतं."

गीझर बाहेर बोळात हलवायचं ठरलं. मी बसूच्या घरी गेलो. माफी मागायची तयारी करून गेलो होतो, चार वाक्यं पाठ केली होती. दुसऱ्या वाक्यावर त्यानं मला थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या अण्णा. मी गीझर बसवतो. पण भोक तुम्ही पाडायचं."

"मी?"

"खूण तुम्ही केलासा नव्हं?"

म्हणून इस्त्रीच्या शर्टात मी स्टुलावर चढलो. हातात छिन्नी, हातोडी. खाली सर, काकू आणि बसू. पहिल्या घावाला टाइल तडकली तेव्हा सरांनी डोळे मिटले. काकूंनी मिटले नाहीत. टाइल गेली, मागचा नवा गिलावा गेला, आणि आतून जुनं धुराडं निघालं. कडेला काजळी तशीच होती. त्यातून गार वारा आला आणि थेट तोंडावर बसला. बसू खालून म्हणाला, "आता बास. चहा सांगा आक्का."

पाइप त्याच धुराड्यातून आत आला. टाइल्सचं डिझाइन मोडलं.

आता आमच्या दुकानाचं कसं चाललंय ते सांगतो. साइट आधी बसू बघतो. तो नाही म्हणाला की मीही नाही म्हणतो. तो चप्पल अजून काढत नाही. विश्वासू माणूस कसा ओळखायचा असं कुणी विचारलं तर मी एकच प्रश्न सुचवतो. तुम्ही आजवर कुठलं काम नाकारलंत, आणि का? उत्तर देता आलं नाही तर चहा पाजा आणि पाठवून द्या.

पाटील सर अजूनही कॉलनीभर माझंच नाव सुचवतात. दोन-तीन गिऱ्हाइकं गेल्या महिन्यात तक्रार करून गेली की या दुकानातली माणसं पूर्वीसारखी गोड राहिली नाहीत. मी खेद व्यक्त केला नाही.