फुकटचं पिल्लू

माझं दुसरं बाळ दवाखान्यातून घरी आलं आणि आठवडाभरही राहिलं नाही. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी नवरा एक दिवस कामावरून येताना पिशवीत कुत्र्याचं पिल्लू घेऊन आला. तो रायपूरबाहेर, उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये स्टोअर सांभाळायचा. मिलच्या फाटकापाशी एक कुत्री व्यायली होती. ती ट्रकखाली गेली, आणि तिची पिल्लं कामगारांनी आपापल्या घरी नेली. एक उरलं होतं, ते यानं आणलं.

"काहून आणलं हे?" मी विचारलं.

"फुकट भेटलं," तो म्हणाला. "पोट्टी हसन थोडी."

पोट्टी म्हणजे आमची मुलगी. सहा वर्षांची, पहिलीत होती. बाळ गेल्यापासून ती गप्प झाली होती. शाळेत जायची, पानात वाढलेलं खायची, सांगितलं की झोपायची. रडली नाही, काही विचारलंही नाही. आम्ही दोघं तिच्याशी मराठीत बोलायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, हे रायपूरच्या सगळ्या मराठी घरांत असतं. पण आता ती हिंदीतही बोलेनाशी झाली होती. म्हणून मी त्या पिल्लाला नाही म्हणू शकले नाही.

तेव्हा आम्ही शहराच्या जुन्या वस्तीत, ब्राह्मणपाऱ्यात राहायचो. लग्न होऊन आले तेव्हापासूनच्या त्या दोन खोल्या होत्या, भाडंही जुनंच. मालकीण म्हातारी छत्तीसगढी ब्राह्मण बाई. मी घरी ब्लाऊज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे. गल्लीतल्या बायका कपडा घेऊन यायच्या आणि तासभर बसून जायच्या. बाळ गेलं तेव्हा त्यांनी कित्येक दिवस माझ्या घरी गॅस पेटू दिला नाही. आज या घरून भाजी, उद्या त्या घरून वरण-भात. माझ्या माहेरचे नागपूरहून येऊन दोन दिवसांत परत गेले होते. मला उभं केलं ते त्या गल्लीनं.

मालकीणबाईंनी पिल्लू पाहिलं, नाक मुरडलं, पण मुलीच्या तोंडाकडे बघून राहू दिलं. देवघराच्या बाजूला येऊ द्यायचं नाही, एवढंच सांगितलं.

फुकटच्या पिल्लाला खायला घालावं लागतं, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. आमच्याकडचं दूध त्याला पचेना. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, भातात उकडलेलं अंडं कुस्करून द्या. त्या घरात अंडं चालत नव्हतं. मग नवरा मिलबाहेरच्या चहाच्या टपरीवरून अंडं उकडून घ्यायचा, टिफिनच्या खालच्या डब्यात लपवून आणायचा आणि टरफलं दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातून परत न्यायचा. जंताचं औषध झालं. पिसवांची पावडर झाली. लस मात्र सरकारी दवाखान्यात नव्हती. बाहेरून विकत घेऊन, बर्फात ठेवून आणावी लागणार होती. त्या महिन्यात मिलची एक पाळी बंद होती आणि पगार लांबला होता. पगार झाला की लावून देऊ, असं आमचं ठरलं.

आणि मुलगी खरंच हसली. मी मशीनवर बसले होते. पिल्लानं टोपलीतून एका ब्लाऊजची बाही ओढून काढली आणि ती तोंडात धरून, तिच्यातच पाय अडकवून घेत, खोलीभर पळालं. मुलगी पोट धरून हसत होती. ते ब्लाऊज गिऱ्हाइकाचं होतं, बाही फाटली होती, आणि मी हातात कात्री घेऊन नुसती ऐकत बसले. त्यानंतर तिची बडबड सुरू झाली. शाळेतून आली की दप्तर टाकून त्याच्यापाशी. तिनं त्याचं एक नाव ठेवलं होतं. आता आमच्या घरात ते नाव कोणी घेत नाही, म्हणून मीही इथे लिहीत नाही.

पगार झाला, पण त्याच्या आधी पिल्लू शिंकायला लागलं. डोळ्यांतून पू यायला लागला, नाक कोरडं पडलं, अंग तापलं. मला वाटलं सर्दी असेल. डॉक्टरांनी डोळे पाहिले, पोटावरचे फोड पाहिले आणि आधी मुलीला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. मग आम्हाला म्हणाले, हा रोग लसीनं टळतो, एकदा झाला की त्याला औषध नाही. सलाईन देऊ, इंजेक्शनं देऊ, ती बाहेरून आणावी लागतील.

"बचेगा?" नवऱ्यानं विचारलं.

"बच भी गया तो दिमाग़ पर असर रहेगा," डॉक्टर म्हणाले. "आगे आप देख लो."

आम्ही इंजेक्शनं आणली. नवऱ्यानं मिलमधून उचल घेतली. मी पहाटे उठून जास्तीचं शिवू लागले. ताप उतरला, पिल्लू भात खाऊ लागलं, आणि आठ-दहा दिवस आम्हाला वाटलं की सुटलं. मग एका दुपारी त्याचा जबडा आपोआप हलायला लागला, जसं काही ते चावून राहिलं आहे. तोंडातून फेस आला, पाय ताठ झाले, आणि त्यानं जी किंकाळी फोडली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल. पाच मिनिटांनी ते उठलं आणि मुलीला ओळखेना. मग ओळखलं. त्यानंतर रोज असे झटके येऊ लागले.

मालकीणबाई खाली आल्या. ओरडल्या नाहीत. "कुकुर ल कहूँ छोड़ आ, बेटी," म्हणाल्या. कुत्र्याला कुठं तरी सोडून ये, नाही तर खोल्या रिकाम्या कर. खालच्या दुसऱ्या बिऱ्हाडात तान्हं मूल होतं, ते त्या किंकाळीनं दचकून उठायचं. त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण आणखीही एक गोष्ट होती. छत्तीसगढ राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं. भोपाळहून बदलून आलेली माणसं शहराच्या मधल्या वस्तीत खोल्या शोधत फिरत होती आणि सांगाल ते भाडं द्यायला तयार होती. आमच्या भाड्यात आता त्या गल्लीत एक खोलीसुद्धा मिळाली नसती.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं ठरवलं की पिल्लाला परत मिलच्या फाटकाशी सोडायचं. मी अडवलं नाही. त्यानं जुना टॉवेल घेतला आणि पिल्लाला त्यात गुंडाळायला लागला. मुलगी दारात उभी होती.

"इसको भी ले जाओगे?" ती म्हणाली.

नवऱ्याचे हात थांबले. बाळ गेलं तेव्हा त्यानंच त्याला पांढऱ्या कपड्यात गुंडाळून छातीशी धरून नेलं होतं. मुलीला शेजारी पाठवलं होतं, ती झोपली आहे असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. तिनं ते पाहिलं होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तो टॉवेल हातात घेऊन खाली बसला. मग म्हणाला, "मी नाही नेऊ शकत. मले नाही होत."

म्हणून आम्ही घर सोडलं.

शहराबाहेर, मिलच्या बाजूला भनपुरीत ट्रकच्या बॉडी बांधायच्या एका कारखान्यामागे दोन खोल्या मिळाल्या. तिथे कुत्रा असला काय आणि ओरडला काय, दिवसभर पत्र्यावर हातोडे पडायचे, कोणाला ऐकू जाणार नव्हतं. पाणी टँकरचं. सकाळी ओटा पुसला की दुपारी त्यावर काळ्या धुळीचा थर. दोरीवरचे पांढरे कपडे महिन्याभरात राखेच्या रंगाचे झाले. मुलीची शाळा सुटली. जवळच्या एका शाळेत मधूनच प्रवेश घेतला. माझी गिऱ्हाइकं इतक्या लांब कशाला येतील? एक-दोघी आल्या, मग त्याही थांबल्या. तिथल्या बायका ट्रकवाल्यांच्या, बिहारच्या, ओडिशाच्या. वाईट नव्हत्या. पण त्यांच्यातल्या कोणीच माझ्या बाळाला पाहिलं नव्हतं. ब्राह्मणपाऱ्यात त्याला पाहिलेली, त्याचं नाक कोणावर गेलं आहे यावरून वाद घातलेली माणसं होती. ती मागे राहिली.

पिल्लू तिथे गेल्यावर फार दिवस जगलं नाही. शेवटी त्याला उभंच राहता येईना. मी भाताचं पाणी चमच्यानं पाजायचे, ते बाजूनं गळून जायचं. एका दुपारी, मुलगी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली असताना, ते गेलं. नवरा पाळीवर होता. मी खणायला सब्बल, म्हणजे पहार, घेऊन मागे गेले, पण तिथली जमीन आसपासच्या मिलांच्या राखेनं आणि गिट्टीनं भरलेली, सब्बल लागली की ठणकन आवाज यायचा. हातांना फोड आले तेव्हा कुठे वीतभर खड्डा झाला. वरून विटा रचल्या. मुलगी रडली नाही. आत जाऊन पुस्तक उघडून बसली, आणि मला वाटलं, ती पुन्हा पहिल्यासारखी गप्प होणार. झालीही. हळूहळू त्यातून बाहेर आली, पण त्याला फार काळ लागला.

थोड्या दिवसांनी मी एकटीच ब्राह्मणपाऱ्यात गेले. मालकीणबाईंनी पाणी दिलं, बसवलं, पिल्लू गेल्याचं ऐकून हळहळल्या. आमच्या खोल्यांत सचिवालयातल्या एका बाबूचं बिऱ्हाड आलं होतं. माझ्या मशीनच्या जागी त्यांचा फ्रिज होता. मी विचारण्याआधीच त्या म्हणाल्या की खोल्यांचं आता काही होऊ शकत नाही, बेटी. मी 'हव' म्हणून मान हलवली आणि उठले. गल्लीतून जाताना एकीनं हाक मारली, चहाला ये म्हणाली. मी बस सुटेल असं सांगितलं. बसले असते तर उठता आलं नसतं.

आम्ही भनपुरीतच राहिलो. परत शहरात जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ, असं म्हणता म्हणता शहरातली भाडी आमच्या हातून पार निघून गेली. नवऱ्याला खोकला लागला, तो अजून आहे. मी पुन्हा शिवण धरलं, पण रेडिमेडच्या दुकानाचं, नगावर. त्याला गिऱ्हाईक येऊन बसत नाही.

मुलगी कॉलेजात असताना एकदा भाजी निवडत बसली होती. कुठल्याशा मैत्रिणीच्या घरी शहरात शंकरनगरला जाऊन आली होती, तिथली झाडं, तिथला स्वच्छ ओटा सांगत होती. मधेच म्हणाली, "आई, अपन भनपुरी आए ही क्यों थे?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिला खरंच आठवत नव्हतं. पिल्लू आठवत होतं, पण अर्धवट. ते पुढच्या कारखान्यातल्या कोणी तरी दिलं होतं असं तिला वाटायचं. बाळाबद्दल ती कधीच बोलली नाही, त्यामुळे ते आठवतं की नाही हे मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही नाही.

"तुया बाबाले इथून मिल जवळ पडे," मी म्हटलं.

"बस इतनी सी बात?" ती म्हणाली, आणि मेथीच्या काड्या बाजूला काढत राहिली.