मागच्या खोलीतलं जेवण

तोयमुस अली लंडनला उतरला तेव्हा त्याला साधा चहा करता येत नव्हता. बोटीच्या पोटात भट्टीपुढे उभं राहून कोळसा ओढायचा, एवढंच त्याला ठाऊक. बंगालकडच्या सिलहटच्या गावागावांतून माणसं हेच करायची. कलकत्त्याला जायचं, खलाशांच्या मुकादमाच्या, सारंगाच्या, हातापाया पडून बोटीवर चढायचं, आणि धग सोसवेनाशी झाली की एखाद्या थंड बंदरात गुपचूप उतरून गर्दीत मिसळायचं. तोयमुसही तसाच मिसळला. मागे कुशियारा नदीच्या काठी आई होती, आणि नुकतीच घरात आलेली बायको, जोयगुन. तिचा चेहरा नीट लक्षात राहायच्या आत हा गडी निघाला होता.

स्वयंपाक त्याला मोसब्बिर चाचाने शिकवला. चाचा हा गोदीजवळच्या एका हॉटेलातला मुख्य आचारी, आणि तोही काही आचाऱ्याच्या घरात जन्मलेला नव्हता. बोटीवर एका गोवेकर आचाऱ्याच्या हाताखाली कांदे सोलायचा, तेवढं भांडवल. हॉटेलच्या पाटीवर नाव मुंबईचं, चित्र ताजमहालाचं, आणि आत झाडून सगळे सिलहटचे. त्यांतल्या एकानेही मुंबई पाहिली नव्हती, आग्रा तर दूरच.

चाचाची रीत साधी होती. सकाळी पोतंभर कांदे सोलायचे, त्यात आलं, लसूण, हळद आणि हाताला लागेल ती भाजी टाकून शिजवायचं, घोटून गुळगुळीत करायचं आणि तो पिवळा रस्सा मोठ्या पातेल्यात तयार ठेवायचा. संध्याकाळी गिऱ्हाईक काहीही मागो, डाव त्याच पातेल्यात जायचा. साय-साखर घातली की कुर्मा. तिखट घातलं की मद्रास. डोळ्यांतून पाणी येईल इतकं घालून वर बटाटा टाकला की विंदालू.

"मद्रासला असंच करतात का, चाचा?" तोयमुसने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"मद्रासवाला आला की विचार त्याला," चाचा म्हणाला. "गोरा दारू पिऊन येतो. त्याला बसल्या बसल्या ताट पाहिजे. तू तुझ्या आईसारखा मसाला परतत बसलास तर तो उठून जाईल. आणि तुझी आई काय घालायची, ते तुला तरी ठाऊक आहे का रे? चुलीपाशी फिरकलायस कधी?"

नव्हता फिरकला. तिथलं कोणीच फिरकलं नव्हतं. घरी असताना चुलीकडे पाठ करून वाढल्या ताटावर बसायचं, आणि सातासमुद्रापार येऊन जन्मभर चुलीपुढेच उभं राहायचं, अशी ही नशिबाची थट्टा.

पण गिऱ्हाइकांचं अन्न ही मंडळी तोंडात घालत नसत. "ते पिवळं? मी नाही बाबा," असं म्हणून भांडी घासणारा कोटाई मिया नाक मुरडायचा. दुपारची गिऱ्हाइकं उठून गेली, दार लोटलं, की मागच्या खोलीत छोटं पातेलं चढायचं. ते आपलं जेवण. भात, मासा, आंबट कालवण. कृती कोणालाच येत नव्हती, पण जिभा शाबूत होत्या. सगळे पातेल्याभोवती जमून चाखायचे आणि भांडायचे.

"माझी आई यात मेथी घालायची."

"तुझ्या आईच्या माहेरी घालत असतील. आमच्याकडे नाही घालत."

"आंबट कमी आहे. शातकोरा पाहिजे याला."

"तुझा सासरा पाठवतोय का शातकोरा?"

जाड सालीच्या, कडसर वासाच्या त्या लिंबाच्या नुसत्या नावाने सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. लंडनात तो कुठला मिळायला? मग त्याच्याऐवजी ग्रेपफ्रूटची साल. नदीच्या माशाऐवजी समुद्रातला कॉड. मोहरीच्या तेलाऐवजी हॉटेलातलं वनस्पती तूप. कालवण मिळून येईना, म्हणून एक डाव त्या पिवळ्या रश्शाचा, थोडासाच, कोणी बघत नाही असा. काही वर्षं भांडणं चालली. मग एके दुपारी कोटाईने घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. "बस," तो म्हणाला. "हीच चव. माझ्या आईच्या हातची." सगळ्यांनी माना डोलावल्या. तोयमुसलाही आपली आईच आठवली. त्या दिवसापासून पातेल्याभोवतीची भांडणं थांबली.

वर्षं गेली, गावी जाणं झालं नाही. कधी कागद अडले, कधी मालक सोडेना. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिच्याजवळ जोयगुनच हवी होती. पुढे चाचा गेला आणि तोयमुस मुख्य आचारी झाला. मग आई गेली, आणि जोयगुनला बोलावून घ्यायला कोणतंच कारण आड राहिलं नाही. तेव्हा तो घाबरला. या बाईशी आपण बोलायचं काय? तिचं तरुणपण गावाकडे सरलं, आपलं इथे. दोघांत सामायिक असं राहिलंच काय होतं? एक चव तेवढी होती. तिने एक घास घेतला की तिला कळेल, हा माणूस कधी गेलाच नव्हता. एवढ्या एका आशेवर त्याने दोन खोल्या भाड्याने घेतल्या, आणि ती यायच्या दिवशी मागच्या खोलीतलं जेवण घरी रांधलं.

जोयगुन आली ती साडीवर कोणाचा तरी मोठा कोट घालून, थंडीने ओठ काळेनिळे झालेले. केस बरेच पिकले होते. ती ताटावर बसली आणि निमूट जेवू लागली. परक्याच्या घरी जेवतात तशी.

"कसं झालंय?"

"चांगलं आहे." मग तिने भीतभीत विचारलं, "इथले लोक हे खातात का?"

"इथले लोक?" तोयमुस हसला. "अगं, हे आपलं! अम्माच्या हातचं."

जोयगुनचा हात ताटातच थांबला. इतकी वर्षं त्या अम्माच्या शेजारी बसून तिने चूल फुंकली होती. कुठल्या कालवणात काय पडतं, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिने मान खाली घालून पुढचा घास घेतला. तेच त्याला झोंबलं.

"विसरलीस तू चव," तो म्हणाला. "दुसरं काय!"

"मी विसरले?" ती एवढंच म्हणाली, आणि ताट स्वच्छ करून उठली.

दुसऱ्या दिवशी तिने आपलं गाठोडं सोडलं. आत वाळवलेल्या शातकोऱ्याच्या साली होत्या, सुकी मासळी होती, चिंधीत गुंडाळलेली मोहरीच्या तेलाची बाटली होती. दुपारी तोयमुस हॉटेलातून घरी आला तो जिना चढतानाच थबकला. वरून वास येत होता. खालची म्हातारी गोरी बाई दार उघडून नाक दाबत उभी होती, आणि त्याच्या मनात आलं, हिचं काही चुकलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली.

जोयगुनने वाढलं. "खाऊन बघा."

त्याने घास घेतला. तेल नाकात चढलं. मासळीचा उग्र दर्प टाळूला जाऊन बसला आणि मागाहून कडू साल आली. घास तोंडात फिरत राहिला, आत जाईना. पाण्याचा घोट घेऊन त्याने तो ढकलला.

"वा!" तो म्हणाला.

जोयगुन त्याच्याकडे बघत होती. "शेवटी शेवटी अम्मांना काही चावत नव्हतं," ती म्हणाली. "तरी रोज हेच करायला लावायच्या. म्हणायच्या, हात चुकू देऊ नकोस. तोयमुस आला की पोटभर घाल त्याला."

त्याने दुसरा घास घेतला, पाणी प्याला. तिसरा घेतला, पाणी प्याला. सकाळपासून रिकामं पोट, समोर आईचं अन्न, आणि घशाखाली उतरत नव्हतं. जोयगुनने हात पुढे करून ताट आपल्याकडे ओढलं.

"राहू द्या. जबरदस्तीने नका खाऊ."

"नाही, नाही. आण इकडे. अम्माचं आहे ते—"

"अम्मा गेल्या हो," जोयगुन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. तिने ते ताट दुसऱ्या ताटाने झाकलं, स्टोव्हपाशी जाऊन रिकामं भांडं चढवलं आणि पदर खोचला. "तुम्हाला कसं लागतं ते सांगा. मी शिकते. आधी काय घालायचं?"

गावाहून आई गेल्याची खबर आली होती त्या दिवशी तोयमुस रडला नव्हता. हॉटेल भरलेलं होतं. आता त्याने सांगायला तोंड उघडलं, "आधी कांदा..." एवढं म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.