सशाची एकादशी

सत्तरच्या दशकात मी सांगलीच्या एका कॉलेजात शाळूच्या मोडांवर संशोधन करत होते. पेशीत जिथं प्रथिनं तयार होतात त्या रायबोसोममधलं एक प्रथिन मी मोठ्या खटपटीनं वेगळं काढलं होतं. ते पुन्हा कुठंही ओळखता यावं म्हणून त्याची अँटिबॉडी हवी होती, आणि ती काही बाजारात मिळत नव्हती. ससा पाळायचा, त्याला ते प्रथिन टोचायचं. त्याचं रक्त ते ओळखायला लागलं का, हे कानाच्या शिरेतून थोडं काढून बघायचं. एकदा खात्री पटली की सगळंच रक्त काढून घ्यायचं. म्हणजे ससा जायचाच. तशी रीतच होती, आणि मला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं.

उन्हाळ्यात कॉलेजातल्या पत्र्याच्या खोलीत ससे पटापट मेले. उरलेला एकुलता एक मी पाटीत घालून एसटीनं कुंडलला घरी आणला. आईनं त्याला गोठ्यातली सावलीची जागा दिली आणि कोवळ्या लसूणघासासाठी आबांच्या मागं लागली. आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले, ते त्याला ‘रिक्रूट’ म्हणायचे. दोघांनी मिळून त्याचा पार लाडोबा करून टाकला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. माझं एवढं कौतुक या घरात कधी झालं नव्हतं.

चाचणीचं रक्त काढायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याचा घास उचलला. पोट भरलेल्या सशाच्या रक्तातलं पाणी दुधाळ येतं आणि चाचणी फसते.

“मुकं जनावर उपाशी, आन् आमी भाकरी मोडायची व्हय?” आई म्हणाली, आणि खरंच जेवली नाही. मी वैतागून एकटीच जेवले.

दुसऱ्या दिवशी सांगलीला नेऊन रक्त काढलं आणि ससा घरी पोचवला. मग काचेवरच्या अगारच्या जेलीसारख्या थरात एका खड्ड्यात माझं प्रथिन, शेजारच्या खड्ड्यात रक्तावरचं पिवळसर पाणी सोडलं. सकाळी बघते तर मधोमध पांढरी रेघ! दोघांची ओळख पटली होती. मी व्हरांड्यात अक्षरशः उड्या मारल्या. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “आता वेळ घालवू नका. सगळं काढून घ्या.”

मी ससा न्यायला घरी गेले. आईनं विचारलं, “आता परत कवा आणनार ह्याला?” तिच्याशी खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं.

तिनं सशाला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, “थोडं थोडं काढून भागत न्हाई व्हय?”

भागलं असतं. पण पंधरवड्यातून एकदाच, तेही थोडंसं. काम वर्षभर तरी लांबणार होतं. शिवाय दर वेळी आदल्या दिवशी उपाशी ठेवणं आलंच.

“मग एकादशीला काढ की घास त्याचा. माजा उपास हायच. दुसऱ्या दिशी ने.”

मला हसू आलं आणि रडूही. सरांशी भांडून मी तसंच केलं. सर कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

एकादशीचा उपास द्वादशीला सकाळी सोडतात. आईचा त्या वर्षी दुपारी सुटायचा. मी सांगलीहून येऊन पाटी खाली ठेवायची, ससा घासाला तोंड लावायचा, आणि मगच ती ताट पुढं ओढायची.