काकांनी न दिलेली यादी

सोनवणे काकांना स्टोअररूममध्ये टाकलं, ते माझ्यामुळे.

आज त्यांचा दहावा झाला. ते असताना हे लिहायची माझी हिंमत झाली नाही.

काका आमच्या नाशिकच्या कॉलेजात कॉम्प्युटर ऑपरेटर. मुलांचे ऑनलाइन फीडबॅक फॉर्म त्यांच्याकडे जमा व्हायचे. फॉर्मवर ठळक अक्षरात असायचं, 'तुमचं नाव गुप्त राहील.' लॉगिन मात्र रोल नंबरने.

मी सेकंड इयरला होते. एक सर जर्नल तपासायला मुलींना एकेकटीला केबिनमध्ये बोलवायचे. जवळ बसवायचे. नको ते बोलायचे.

मी सगळं लिहिलं. रागाच्या भरात हेही लिहिलं, की मला लासलगावची शेवटची गाडी पकडायची असते, तरी मुद्दाम मलाच शेवटी थांबवतात.

अख्ख्या वर्गात लासलगावहून येणारी मी एकटी. एवढीही अक्कल नव्हती मला.

दोन दिवसांनी हेड सर लॅबमध्ये आले. मी कोपऱ्यातल्या मशीनवर प्रोजेक्ट करत होते.

"सोनवणे, त्या सरांबद्दल कोणीतरी काहीतरी लिहिलंय म्हणे. प्रिंट आणि रोल नंबरची यादी उद्या सकाळी टेबलावर पाहिजे."

"सर, नाव गुप्त राहील असं आपणच लिहिलंय ना वर."

"ते लिहायला असतं हो."

ते गेले आणि काकांनी मला हाक मारली. स्क्रीनवर माझंच लिखाण.

इंटर्नलचे मार्क त्याच सरांच्या हातात होते. आणि घरी कळलं असतं तर कॉलेजच बंद झालं असतं.

"अगं येडे, तक्रार करायची तर गाडी कशाला सांगायची?"

त्यांनी गाडीचं तेवढं वाक्य काढलं. बाकी शब्दाला हात लावला नाही. मग माझ्यासमोर अख्ख्या वर्गाचे रोल नंबर डिलीट केले.

"झालं. जा, गाडी चुकेल."

सकाळी टेबलावर प्रिंट गेली, यादी नाही. त्या सरांचं प्रॅक्टिकल एका मॅडमकडे गेलं. काकांना मेमो मिळाला, रेकॉर्ड नष्ट केल्याचा. मग मोडक्या बाकांची स्टोअररूम, थेट रिटायर होईपर्यंत.

मी तिथे जाऊन म्हटलं, "काका, मी प्रिन्सिपलना सांगते, ती मीच."

"गप बस. एकीचं नाव बाहेर आलं ना, तर पुढच्या वर्षी एकही पोरगी लिहायची नाही."

मी गप बसले. खरं सांगते, सुटल्यासारखंच वाटलं मला. त्याची आज लाज वाटते.

आज पंचवटीत त्यांच्या घरी गेले होते. त्यांची मुलगी चहा घेऊन आली. मी कॉलेजमधली म्हटल्यावर शेजारी बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली,

"मग तुम्हाला माहीत असेल. पप्पांनी नेमका काय घोटाळा केला होता हो तिथे?"

घरात कोणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं.

मी सगळं सांगितलं. तिने आईला बोलावलं. मी परत पहिल्यापासून सांगितलं.

काकू म्हणाल्या,

"मी त्यांना जन्मभर टोमणे मारले गं. घरात तरी बोलायचं ना माणसानं."

मला तिथे रडू आवरलं नाही.

काका, तुम्ही काहीही चुकीचं केलं नव्हतं. हे मी तुमच्या घरी तुम्ही असताना येऊन सांगायला हवं होतं.

मला माफ करा. जड मनाने निरोप देतेय.