घाटाच्या व्हिडिओखाली

रेल्वेतून निवृत्त झालो तेव्हा मुलीनं मला मोबाईल घेऊन दिला. त्यावर माझं खातं उघडलं आणि फोटो म्हणून निरोप समारंभातला, गळ्यात हार घातलेला फोटो लावला. "आता बसा बघत," असं म्हणून ती नाशिकला सासरी गेली आणि मी खरंच बघत बसलो. शेतीचे व्हिडिओ बघितले, कुस्त्या बघितल्या. मग एक दिवस समोर खंडाळ्याचा घाटच आला.

कोणा हौशी माणसानं तो पावसाळ्यात काढला होता. धुकं, बोगद्यातून बाहेर पडणारी गाडी, तिला मागून ढकलणारी बँकर इंजिनं. लोणावळ्यात जन्म गेलेल्याला त्यात नवीन काहीच नव्हतं, तरी मी तो तीनदा बघितला. कारण गाडी वळणावर आली तेव्हा कडेला एक माणूस उभा होता. अंगात केशरी जॅकेट, खांद्यावर हातोडा, हातात झेंडी. दोन सेकंद दिसला आणि गेला.

खाली लोकांनी त्याच्यावरच लिहिलं होतं.

"हे काका इथं वॉकला आलेत का?"

"सरकार फिरायचा पगार देतं!"

"काका म्हणतायत, गाडी जाऊ दे लवकर, सेल्फी घ्यायचाय."

त्याखाली हसऱ्या तोंडांची ही मोठी रांग.

मला राग आला नाही, हसू आलं. तीस वर्षं तो माणूस मीच होतो. कागदावर आम्हाला की-मॅन म्हणतात आणि बोलताना चावीवाला. रूळ खालच्या आडव्या स्लीपरला जखडून ठेवणारा जो लोखंडी तुकडा असतो ती चावी. गाड्यांच्या हादऱ्यानं चाव्या सैल होतात, निघतात. चावीवाल्यानं रोज आपल्या वाट्याची लाईन, म्हणजे बीट, चालायची. जाताना एका रुळाच्या बाजूनं, येताना दुसऱ्या. सैल चावी हातोड्यानं ठोकायची, नटबोल्ट बघायचे, रुळाला तडा दिसला तर लाल झेंडी घेऊन गाडी थांबवायची. बस, एवढंच काम.

ते मी लिहायला बसलो. बोट एका अक्षरावर ठेवावं तर दुसरंच उमटायचं. सकाळचा चहा गार झाला तेव्हा कुठं माझी पहिली कमेंट तयार झाली: "फिरायचाच पगार असतो हे बरोबर आहे. मी तीस वर्षं घेतला. पण एका हातात हातोडा, दुसऱ्यात झेंडी, म्हणून सेल्फी काढायचा राहून गेला."

बायको कप उचलायला आली. "कुनाला लिवताय एवढं?"

"लोकांना."

"कंच्या?"

"वळखीचे न्हाईत."

"मग तर लय बरं. वळखीच्यांशी बोलून काय मिळालंय आजवर."

दुसऱ्या दिवशी फोन उघडला तर माझ्या कमेंटखाली माणसांची जत्रा. काका, तुम्ही खरंच चावीवाले होता का? साप दिसायचे का? माकडं त्रास द्यायची का? एकानं विचारलं, "बोगद्यात असताना गाडी आली तर काय करायचा?"

मी ते मोठ्यानं वाचलं. बायको आतून कणीक मळता मळता म्हणाली, "सांगा की, गाडीला म्हनायचो, तू व्हय फुडं, मला घाई न्हाई."

मी तसंच लिहिलं. खाली खरं उत्तरही दिलं, की बोगद्याच्या भिंतीत माणसाला उभं राहायला कोनाडे असतात, गाडीचा अंदाज आला की त्यात शिरायचं आणि पाठ भिंतीला लावून उभं राहायचं. खऱ्या उत्तराला मोजून चार अंगठे आले. बायकोच्या उत्तराला इतके, की व्हिडिओवाल्यानं ती कमेंट सगळ्यात वर अडकवून ठेवली.

तिथून आमचा रोजचा नेम झाला. दहाच्या सुमारास ओट्यावर बसायचं, मी प्रश्न वाचायचे, तिनं भाजी निवडत उत्तर द्यायचं आणि मी टाईप करायचं. हैदराबादहून कोणी लिहायचं, दुबईहून कोणी. माणसांना वाटायचं चावीवाला काका भारी विनोदी आहे. मीही तसं वाटू दिलं. हे मान्य करायला आज लाज वाटते, पण त्या दिवसांत शिट्टी वाजवत फिरायचो मी.

मग निळं इंजिन आलं.

त्याचं खरं नाव काय, कोण जाणे. खात्याला नुसती अक्षरं आणि आकडे होते आणि फोटोत निळं इंजिन. लिहायचा मात्र मुद्देसूद. "काका, तुमच्या कष्टाबद्दल आदर आहे," अशी सुरुवात आणि पुढे वार. आता मशीन आहेत, रुळाच्या पोटातला तडा यंत्राला दिसतो, हातोडा घेऊन चालणं ही जुन्या काळची पद्धत आहे, असं त्याचं म्हणणं.

मी उलट लिहिलं की यंत्र कधीतरी येतं, माणूस रोज जातो. त्यावर तो म्हणाला, रोज जाऊनही आतलं दिसत नाही. मी म्हणालो, हातोड्याचा आवाज ऐकून आम्हाला आतलं कळतं. तो म्हणाला, सिद्ध करा. आठवडाभर हे चाललं. दोन्ही बाजूंना माणसं जमली. कोणी "काका, सोडू नका" म्हणायचं, कोणी निळ्या इंजिनाला टाळ्या द्यायचं. मी जेवताना मुद्दे आठवायचो. बायको म्हणाली, "घास गिळा आदी, तो कुटं पळून जात न्हाई."

शेवटी मी आमच्या जुन्या मुकादमाकडं गेलो. ते आता सोमाटण्याला राहतात. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, पण अजून ताठ. त्यांना सगळा वाद वाचून दाखवला. मला वाटलं माझी पाठ थोपटतील. ते म्हणाले, "हातोड्यानं सैल चावी कळती, सुटलेला बोल्ट कळतो. पोटातला बारीक तडा न्हाई कळत. मशीनवाले येऊन खडूनं खूण करायचे, तवा आपुन बदलायचो रूळ. इसरला काय?"

विसरलो नव्हतो. वादाच्या नादात गिळून टाकलं होतं.

घरी येऊन लिहिलं, "निळं इंजिन यांचं एक म्हणणं बरोबर आहे. आतल्या तड्याबद्दल मी जास्तीचं बोललो. माझं चुकलं." पाठवायच्या आधी बोट बराच वेळ अडलं. एवढ्या अनोळखी माणसांसमोर चूक कबूल करायची म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पण पाठवल्यावर असं हलकं वाटलं, की मी त्यात अजून एक ओळ जोडली: "आणि गाडी-बोगद्याचा जोक माझा नव्हता. सगळे जोक आमच्या मंडळींचे आहेत."

तिथं जो गोंधळ झाला! मावशींना फोन द्या. काका, तुम्ही बाजूला व्हा. काका इतके दिवस दुसऱ्याच्या डब्याला स्वतःचं इंजिन लावून फिरत होते. हे शेवटचं निळ्या इंजिनानंच लिहिलं होतं. मी बायकोला वाचून दाखवलं तर ती पदर तोंडाला लावून हसली, पण फोन काही हातात घेतला नाही. "मला कुटं लिवता येतंय तसलं," म्हणाली. ती टाकवे बुद्रुकची, सातवी शिकलेली. गावातल्या विहारात बायकांना वाचून दाखवायची वेळ आली की तिलाच पुढं करतात, हे ती विसरत होती.

तिनं फोन हातात घेतला त्याला कारण वेगळं घडलं. कोणी तिसऱ्याच माणसानं लिहिलं, चिडून नाही, सहज, वाद वाढवायला लिहितात तसं: "एवढं कौतुक कशाला? एक दिवस चावीवाला गेला नाही तर कोणाला कळणार आहे?"

मी ते मोठ्यानं वाचलं.  खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही लाईनवर चालताना कधीतरी पडलेला होता. पावसात, धुक्यात एकट्यानं चालताना पडतोच.

बायकोनं भाजीचं ताट बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. "आना हिकडं," म्हणाली.

मी सांगतो, टाईप करतो, असं म्हणालो. तिनं मानेनंच नको म्हटलं. चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत लिहायला लागली. मध्ये फक्त दोनदा विचारलं, एकदा जोडाक्षर कसं काढायचं आणि एकदा पुढच्या ओळीवर कसं जायचं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तेव्हा मीच उठून गॅस बंद केला. तिनं लिहिलेलं मी तेव्हाच वहीत उतरवून ठेवलं, ते असं:

"भाऊ तुमाला कळनार न्हाई हे बराबर हाय. तुमी गाडीत झोपल्यालं आसता. तुमाला कळू नये म्हनूनच हे रोज जात व्हते. मला कळायचं. मी रेल्वेच्या कॉटरात बसून गाडी आयकायची. घाट चढून गाडी वर आली की मनात म्हनायची, ह्यांच्या बीटवरून मानसं नीट आली. मग माझ्या कामाला लागायची. घरात दुखनं आसलं तरी हे गेले. तुमाला काय बी कळलं न्हाई हेच आमचं काम व्हतं."

पाठवून तिनं फोन माझ्याकडं दिला आणि ती पुन्हा भाजीकडं वळली.

मी तो मजकूर वाचला. तीस वर्षं मी कामावरून आलो की ती पाणी द्यायची आणि विचारायची, लय पाऊस व्हता का. गाडी ऐकत बसायची हे मला एकदाही बोलली नव्हती. मी ओट्यावरून उठून मागच्या बाजूला गेलो आणि काही काम नसताना कुंड्यांना पाणी घातलं. पाऊस पडत होता तरी घातलं.

संध्याकाळपर्यंत त्या कमेंटखाली शेकडो माणसं येऊन गेली. एका बाईनं लिहिलं, तिचे वडील भुसावळकडं हेच काम करायचे, शाळेत ती मैत्रिणींना फक्त "रेल्वेत आहेत" एवढंच सांगायची, आता ती वडिलांना फोन लावते आहे. एकानं "मावशी, भाषा शुद्ध लिहा" असा सल्ला दिला. त्याच्यावर माणसं तुटून पडायच्या आत बायकोनं मला सांगून लिहायला लावलं, "भाषा वाकडी आसंल, रूळ सरळ व्हता."

मी म्हणालो, "अगं, घाटात रूळ कुठं सरळ असतो?"

"तुमी गप बसा. जोक हाय."

ज्यानं प्रश्न विचारला होता त्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं.  दोन दिवसांनी निळ्या इंजिनाची एकच ओळ आली: "मावशी, यापुढे घाटात आलो की जागा राहीन." ते कोण आहे, बाई की बाप्या, म्हातारं की तरणं, मला आजही माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. पण आमचा वाद अजून चालतो. सध्या बँकर इंजिनांवरून चाललाय आणि त्यात मी बरोबर आहे.

पावसाळा संपता संपता एक वेगळा मेसेज आला. "तुमची बीट आता माझ्याकडं आहे." जालन्याकडचा माणूस, नोकरीत चार वर्षं झालेली. रविवारी बायकोला घेऊन तो आमच्या घरी आला. मी त्याला कुठल्या वळणावर पाणी मुरतं, दरडीचा दगड येण्याआधी माती कशी ओघळते, ते सांगत होतो. तो ऐकत होता आणि मध्येच म्हणाला, त्या वळणावर आता नवीन पद्धतीच्या चाव्या आहेत, त्या अशा ठोकायच्या नसतात. रूळ म्हणून बशी उलटी ठेवून त्यानं मला दाखवलं. मी शिकलो. आत दोघी बायका काय बोलल्या ते माझ्या कानावर आलं नाही, पण निघताना त्याची बायको आमच्या हिच्या पाया पडायला वाकली, तर हिनं तिला मध्येच धरून जवळ घेतलं.

तो गेल्यावर मी गेटपाशी उभा राहिलो. तीस वर्षांत एवढा ताठ मी कधी उभा राहिलो असेन असं वाटत नाही. साहेबांनी निरोपाला शाल दिली तेव्हाही नाही.

बायकोचं आता स्वतःचं खातं आहे. मुलीनं फोनवरून सांगितलं आणि हिनं स्वतः उघडलं. आता पुन्हा पावसाळा लागलाय आणि गेल्या आठवड्यात आमच्या इथल्या भुशीच्या धरणाचा एक व्हिडिओ आला. पायऱ्यांवरून पाणी वाहतंय आणि माणसं वरच्या बाजूला जाऊन उभी आहेत. हिनं लिहिलं, तिकडं शेवाळ असतं, पाणी एकदम वाढतं, खालीच बसा. एका मुंबईच्या माणसानं लिहिलं, "मावशी, घाबरवू नका, आम्ही दरवर्षी येतो." हिनं उत्तर दिलं, "तुमी वर्षाला येता, आमी रोज हितंच आसतो." त्यानं त्यावर काही तरी लिहिलं, हिनं पुन्हा दिलं. आज तिसरा दिवस. दोघांपैकी कोणीही मागं हटलेलं नाही आणि मला मध्ये पडायला बंदी आहे.