अर्धा शेर तांबं

शनिवार पेठेतल्या एका बड्या घरी लग्न ठरलं आणि पन्नास हंड्यांचं काम माझ्याकडे आलं. तांबं माझं, मेहनत माझी, पैसे माल पोचल्यावर. आमच्या तांबट आळीत असं काम जन्मात एकदा येतं. आठ दिवसांत तांबं आणलं नाही तर ते काम शेजारच्या भट्टीवर जाणार होतं, आणि मला बिऱ्हाड आवरून कोकणात परतावं लागणार होतं. त्यात बायकोचे दिवस भरत आलेले. मी बुधवारातल्या सावकाराकडे गेलो.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग पानाला चुना लावत म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी आपल्या दारात वसुलीचा शिपाई पाच दिवस बसला होता ना? दोन्ही वेळचं जेवणही आपल्याकडेच. पाहुणचार उत्तम झाला म्हणतात."

"ते कर्ज केव्हाच फिटलं," मी म्हणालो.

"आनंद आहे. मग फाडलेलं कर्जखत दाखवा."

ते माझ्याकडे नव्हतं. कर्ज फिटलं की सावकार खत वरून फाडून परत देतो आणि शहाणा माणूस ते जपून ठेवतो. माझा राग मात्र कायम नाकाच्या शेंड्यावर. शेवटच्या हप्त्याबदली, तो शिपाई बसवणाऱ्या म्हाताऱ्या सावकारापुढे मी दहा शेरांचा एक हंडा आदळला होता आणि खत न मागताच तरातरा जिना उतरलो होतो. आता म्हातारा गेला होता. खत त्याच्या मुलाच्या पेटीत होतं.

मी त्याच्याकडे गेलो. मुलगा माझ्याच वयाचा, बापापेक्षा गोड बोलणारा. "हंडा आहे घरात," तो म्हणाला. "पण तो हप्ता म्हणून आला की प्रेमाने आला, हे हंडा काही सांगत नाही. आपण खंडोबापुढे बेलभंडार उचला. सारं फेडलं म्हणा. मी तिथल्या तिथे खत फाडतो."

हातात बेलाची पानं आणि हळद घेऊन बोललेला शब्द म्हणजे शेवटचा. त्यानंतर दहा दिवस लोक त्या घराकडे डोळे लावून बसतात. आजार, आग, मृत्यू, काहीही झालं तरी शपथ खोटी ठरते. मी हो म्हणून घरी आलो.

"अहो, मग घाबरताय कशाला?" बायको म्हणाली. "फेडलंय ना खरंच?"

मला तिच्याशी खोटं बोलवेना. हंडा साडेनऊ शेरांचा होता. शिपायाने पाच दिवस खाल्लेलं अन्न मी त्यातून वसूल केलं होतं, तांबं कमी घेऊन, बूड ठोकून ठोकून पातळ करून. तेव्हा तांबटाने सांगितलेलं वजन कोणी पुन्हा तोलत नसे. खरं सांगतो, ते करताना मला मजा आली होती.

तिने पोटावर हात ठेवला. "शपथ घेणार तुम्ही आणि भोगणार हा जीव," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. मी तिच्यावर चिडलो, मेलेल्या म्हाताऱ्यावर चिडलो. खरी लाज माझी मलाच वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवळात तो मुलगा आला, साक्षीला बुधवारातला सावकार आला, आणि तमाशा बघायला निम्मी आळी आली. गुरवाने माझ्या ओंजळीत बेल आणि भंडारा ठेवला. घामाने हळद भिजून मनगटावर ओघळली. 'सारं' म्हणालो आणि ओंजळीतल्या हळदीकडे बघत राहिलो.

"बोला की," मुलगा म्हणाला.

"अर्धा शेर तांबं राहिलंय," मी म्हणालो. "हंडा मी हलका दिला."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी बोटातली चांदीची अंगठी काढून मुलाच्या हातावर ठेवली. त्याने ती उलटसुलट पाहिली, खत फाडलं आणि मला दिलं. बुधवारातला सावकार उठता उठता म्हणाला, "उद्या या, पैसे देतो. देवापुढे कबूल करणारा माणूस पैसे बुडवत नाही. फक्त प्रत्येक हंडा माझ्या तराजूवरून जाईल." त्याने हे सगळ्यांच्या देखत सांगितलं.

त्यानंतर सहाव्या दिवशी बायको सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. पन्नास हंडे वेळेत पोचले आणि कर्जही फिटलं. त्या दिवसापासून आजवर मी कोणाला गुंजभर तांबं कमी दिलेलं नाही.

त्याच मुलीच्या लग्नात द्यायचे हंडे मी स्वतःच्या हाताने घडवले. व्याही तराजू सोबत घेऊन आले; देवळातली ती गोष्ट त्यांनीही ऐकली होती. अंगणात एकेक हंडा तोलला गेला आणि मुलगी दारात उभी राहून बघत होती. वजन बरोबर भरलं.

"आज भरलं," व्याही म्हणाले.