मुक्या पाडव्याची तारीख

जर्मनीत वाल्डॉर्फला राहते म्हटलं की समोरचा माणूस मान डोलावतो. मी तिथल्या त्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीतच असणार, हे त्याने ठरवलेलं असतं. मी नाही. मी दोन गावं पलीकडे एका लहान कंपनीत आहे. आम्ही गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवतो, आणि त्यात माझ्याकडे एक काम असं आहे जे दुसऱ्या कुणालाच नको असतं. इंडोनेशियाच्या सुट्ट्या भरणं.

तिथलं सरकार येत्या वर्षाची यादी बरीच आधी जाहीर करतं. माझा मुहूर्त फेब्रुवारीत लागतो. यादी सिस्टिममध्ये भरली की आमच्या तिथल्या ऑफिसात कुणी कधी कामावर राहायचं, हे ती सिस्टिम आपसूक ठरवते. मला हे काम आवडतं, पण मी तसं कुणाला सांगत नाही. खिडकीबाहेर दिवसभर एकच राखाडी उजेड असतो, पार्किंगमधल्या गाड्यांवर बर्फाचं पाणी होत असतं, आणि मी वर्षाच्या उरलेल्या महिन्यांतून चालत असते. ईद, चांद दिसेल त्याप्रमाणे. बुद्धपौर्णिमा, आकाशात सोडलेले कंदील. सतरा ऑगस्ट, त्यांचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी म्हणे गल्लीगल्लीत माणसं हात मागे बांधून दोरीला टांगलेले पापड खातात आणि तेल लावलेल्या खांबावर चढून वरच्या बादल्या नि सायकली काढतात. माझा स्वातंत्र्यदिनाचा अनुभव म्हणजे उन्हात उभं राहून पाहुण्यांचं भाषण ऐकणं. पापड खाऊन देश स्वतंत्र राहत असेल तर भाषणं कशासाठी, असा प्रश्न मला त्या यादीपाशी दर वर्षी पडतो.

यादीत मार्चमध्ये एक दिवस आहे, न्येपी. बालीतल्या हिंदूंचं नवं वर्ष. मिरवणुका आदल्या दिवशीच उरकतात. त्या दिवशी अख्खं बेट गप्प बसतं. चूल नाही, दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पाऊल नाही. विमानतळसुद्धा बंद. आणि वर्ष मोजतात शकाने. तो आकडा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गंमत वाटली होती. आपल्या पंचांगातलाच आकडा, इतक्या लांबच्या बेटावर.

जकार्ताच्या ऑफिसात माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी बालीची आहे. त्या फेब्रुवारीत व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, "ईदला बाकीचे सगळे गावी जाणार. त्यांच्या सगळ्या ड्यूट्या मी करते. मला फक्त न्येपीचा दिवस दे."

"एवढंच?"

"बाबा गेल्यापासून आई एकटी आहे. त्या दिवशी बोलायचं नाही, दिवा लावायचा नाही. एकटीने दिवसभर कसं बसायचं? कुणीतरी शेजारी लागतं ना."

मी म्हटलं, "दिला."

त्याच संध्याकाळी मी घरी यादी भरत होते. सासूबाई पुण्याहून नुकत्याच आल्या होत्या. त्यांनी बॅगेतून गोडा मसाला, मेतकूट आणि भिंतीवरचं कॅलेंडर आणलं होतं, आणि आल्या दिवशीच ते फ्रिजवर लावलं होतं.

"अहो आई, पाडवा कधी आहे यंदा?"

"रविवारी. का गं?"

"सरकारी यादीत शनिवार आहे. इंडोनेशियाच्या."

"त्यांना काय कळतंय? प्रतिपदा सूर्योदयाला रविवारी आहे. शनिवारी अमावास्या." त्यांनी चष्मा वर केला. "अमावास्येला कुणी नवं वर्ष सुरू करतं का?"

शक तोच, चैत्र तोच, मग दिवस वेगळा कसा? सरकारी कागदात चूक असते, हा धडा तर मी देशातूनच शिकून आलेले. मी शनिवार खोडला आणि रविवार केला. माहिती कुठून मिळाली हे लिहायचा एक रकाना असतो, तो रिकामा ठेवला. आपण एखाद्या कारकुनाची लाज राखली, असं समाधानही वाटलं.

बालीचा हिशोब वेगळा आहे, महिना संपण्या-सुरू होण्याचे त्यांचे नियम त्यांचे आहेत, हे मला मार्चमध्ये कळलं. तेव्हा न्येपीला तीन दिवस उरले होते. त्या शनिवारी आमच्या एका ग्राहकाची जुनी सिस्टिम बंद करून नवी सुरू करायची होती. बुधवारच्या कॉलच्या शेवटी मी सहज म्हटलं, "म्हणजे रविवारी तू आईजवळ."

ती हसली. "रविवारी विमानतळ उघडतो. दुपारपर्यंत पोचेन."

"उघडतो म्हणजे?"

"न्येपी शनिवारी आहे ना."

मी यादी उघडली. शनिवारच्या ड्यूटीला तिचं नाव. रविवारी तिला सुट्टी, माझ्या हातची.

"तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू प्रयत्न केला असशील आणि जमलं नसेल." ती ज्या सुरात हे म्हणाली त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. "शेजारीण म्हणाली आहे, ती भिंतीपलीकडून खोकत राहील. आईला कळेल कुणीतरी आहे."

मी साहेबांच्या खोलीत गेले. आमचे साहेब सज्जन जर्मन आहेत. त्यांना चूक चालते, कारणाशिवायची चूक चालत नाही.

"अधिकृत यादीत शनिवार होता?"

"या," मी त्यांच्या भाषेत हो म्हटलं.

"आणि तू रविवार केलास."

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"आधार काय होता?"

"माझ्या सासूबाई."

ते हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "आल्झो, म्हणजे त्यांच्याकडे सिस्टिमचा ॲक्सेस आहे का?"

"नाही. फ्रिजचा आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. शनिवारी तिच्या जागी कोण, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मी. शुक्रवार दुपारपासून. त्यांनी मान हलवली आणि आधाराचा रकाना यापुढे सक्तीचा करायला सांगितला.

आता तिकीट. ईदच्या गर्दीत विमानं भरलेली. शुक्रवारच्या शेवटच्या विमानापर्यंत काही मिळालं नाही, तर शनिवारी बेटावर काहीच उतरणार नव्हतं. गुरुवारभर ती तिकडे शोधत होती, मी इकडे. संध्याकाळी तिचा मेसेज आला: एक सीट, शुक्रवार दुपार, मधली, शौचालयाशेजारची. मी इतकी मोठ्याने ओरडले की सासूबाई पोळी तव्यावर टाकून बाहेर आल्या. मग त्यांना सगळं सांगावंच लागलं.

त्या ऐकून घेत राहिल्या. तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला तरी हलल्या नाहीत.

"माझ्यामुळे गं."

"अहो आई, खोडलं मी."

"सांगितलं मी."

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा पाडवा शनिवारीच होता. इथे तिथी सूर्योदयावर ठरत नाही, शाळेचा हॉल कधी रिकामा आहे यावर ठरते. ढोल-ताशा, लेझीम, फ्रँकफर्टहून येणारे प्रमुख पाहुणे, आणि सूत्रसंचालन माझ्याकडे. ते गेलं याचं दुःख मी चेहऱ्यावर आणलं होतं. सासूबाईंचा मात्र सर्वांत ज्येष्ठ महिला म्हणून शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. पैठणी नेसून, लेकाबरोबर निघताना त्या दारातून परत वळल्या आणि मी लॅपटॉप घेऊन बसले होते त्या खोलीतला दिवा बंद केला.

"तुला दिसतंय ना स्क्रीनवर?"

"दिसतंय."

"मग राहू दे." आणि गेल्या.

आदल्या दिवशी बालीत उतरल्यावर तिने एक फोटो पाठवला होता. अंगणात आई, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. मागे गल्लीत बांबू-कागदाचं सुळेवालं राक्षसाचं तोंड, मिरवणुकीला निघालेलं. मग बेटावरचं इंटरनेट बंद झालं आणि तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका राखाडी झाला.

शनिवारभर मी त्या ठिपक्याशेजारी काम केलं. नवी सिस्टिम सुरू झाली, दोनदा अडखळली, चालू लागली. बाहेर पाऊस होता की नुसतं ढगाळ होतं, आता आठवत नाही. खोलीत उजेड पाण्याखालचा असतो तसा होता. दुपारी बाराला हिशोब केला, तिथे सात वाजले होते. अंधार पडला असणार. सगळ्या बेटावर एक दिवा नाही, समुद्र तेवढा आवाज करतोय, आणि एका घरात दोघीजणी भिंतीला टेकून बसल्यात. मला वाटलं, मीही त्या खोलीत आहे, तिसरी, दाराजवळ. तेवढ्यात ग्राहकाचा फोन आला. मी दबक्या आवाजात बोलले. त्याने विचारलं, कुणी झोपलंय का?

रविवारी सकाळी फोन पाहिला तेव्हा ठिपका हिरवा होता. तिचा मेसेज होता. दिवसभर आईने तिचा हात सोडला नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. न बोलण्याची वेळ संपली तशी आईने दिवा लावला, तो तिच्या तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं. तिकडे जेवतेस की नाही?"